फेंगसीची अर्धी गोणी

रेती बोलते, असं दुसऱ्या कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला तिथेच गाडीतून उतरवला असता. पण सांगणारी एउय फेंगसी होती, आणि तिला गाडीतून उतरवायची माझी काय, आमच्या साहेबांचीही टाप नव्हती.

एउय म्हणजे थोरली बहीण. सगळी तुकडी तिला एउय म्हणायची. विसेत साहेबसुद्धा म्हणायचे, आणि ते तर वयानं तिच्याहून मोठे होते. मी थोंगसाय, गाडीचा ड्रायव्हर. जमिनीत न फुटता राहिलेलं शोधायचं आणि उडवायचं, हे आमच्या तुकडीचं काम. शियेंग ख्वांगच्या पठारावर हा धंदा बारमाही चालतो. लढाई माझ्या जन्माआधी संपली म्हणतात, पण ते वर विमानात बसलेल्यांचं झालं. खाली पेरूएवढ्या गोल बोंबी, म्हणजे विमानांतून पडलेले छोटे बॉम्ब, अजून शेतात, ओढ्यात, चुलीखाली, जिथे तिथे सापडतात. बोंबी हलवायची नाही, आहे तिथेच उडवायची, हा नियम. आणि उडवण्याआधी तिच्याभोवती रेतीच्या गोण्या रचायच्या. त्या गोण्या म्हणजे फेंगसी. भरायच्या तिनं, रचायच्या तिनं, आणि रेती आणून माझी कंबर मोडायची मी.

बुटकी, रुंद, डोक्यावर टोपी आणि टोपीखाली फडकं. चेहरा असा, की आनंद झालाय की दात दुखतोय ते कळू नये. बाकीचे लोक आपापली बोटं आणि कान सांभाळून असतात, मी गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्या सांभाळून असतो. रेतीच्या चार खेपा झाल्या की पाट्या बसतात. मी नदीवरून गाडी घेऊन यायचो, फेंगसी मागच्या फळीवर चढायची, मूठभर रेती उचलायची, कानाशी धरायची आणि करकचून दाबायची. मग एक तर मान हलवायची, नाही तर म्हणायची, "गप्प आहे. परत ने."

"गप्प आहे म्हणजे?"

"म्हणजे चिखल आहे हिच्यात. चांगली रेती करकरते. ही सगळी एकमेकांना चिकटून बसलीय. अशीला दणका दिला की सगळी एकदम पुढे सरकते, एक दाणा मागे राहत नाही. मला सुटे दाणे पाहिजेत. एकमेकांशी न पटणारे."

"न पटणारे कुठून आणू?"

"तुझ्या सासरहून आण."

हे ती हसून म्हणत नव्हती. मी पुन्हा नदीवर जायचो, वाकणाच्या पलीकडे, जिथे रस्ता नाही.

बरं, इतक्या खेपा घालून आणलेली रेती गोणीत भरताना बाईचा हात आखडता. निम्म्याहून थोडी जास्त झाली की तोंड बांधून मोकळी. पहिल्यांदा मला वाटलं, दमली असेल. मग वाटलं, कंजूष आहे. एकदा न राहवून विचारलंच. तेव्हा तिनं एक गोणी आडवी टाकली, फावड्याच्या पाठीनं थोपटली. गोणी पसरली, खालच्या दोन गोण्यांच्या मधल्या खोलगटात जाऊन बसली, आणि कुठेही फट उरली नाही.

"बसली?" ती म्हणाली.

"बसली."

"आता ऐक. स्फोट झाला की पहिल्या दाण्याला थप्पड बसते. तो ती पुढच्या दोघातिघांना देतो. ते आणखी पुढच्यांना. सगळ्यांना सारखी बसत नाही. काही दाण्यांना सपाटून बसते, त्यांच्या शेजारचे मजेत असतात, त्यांना पत्ताही नसतो. पण द्यायला-घ्यायला दाण्याला जरा हलायला मिळालं पाहिजे. हलला की घासतो, घासला की जोर खर्च होतो, काही तर फुटूनच जातात. असं करत करत पलीकडच्या दाण्यापर्यंत जाता जाता थप्पड संपते. त्याला कळतसुद्धा नाही की अलीकडे भांडण झालं."

"आणि गच्च भरली तर?"

"गच्च गोणी बसत नाही, टेकते. दोन टोकांवर. मधे फट. मग सगळा जोर त्या टोकांतून सरळ पलीकडे जातो, आणि फटीतून वारा जातो तो वेगळा. हळूहळू रेललास तर गच्च गोणी चांगली, तक्क्यासारखी. एकदम दणका आला की ती दगड."

मी म्हटलं, एवढं माहीत होतं तर आधी सांगायचं. ती म्हणाली, तू विचारलंस कधी? त्या दिवसापासून मी रेतीबद्दल तक्रार बंद केली. पाट्यांबद्दल चालू ठेवली.

तिच्या घरचं तिनं मला एकदाच सांगितलं, तेही गाडीचं चाक चिखलात रुतलं होतं आणि दुसरं काही करायला नव्हतं म्हणून. ती लहान असताना वडील घराच्या कडेला डुकरांसाठी खळगा खणत होते. कुदळ बोंबीवर पडली. वडील जागच्या जागी गेले. घर उभं राहिलं, पण घराचा पहिला खांब उभा चिरला. आमच्याकडे घर बांधताना एक खांब आधी उभा करतात, त्याला ऊस आणि केळीचं रोप बांधतात, पांढरा दोरा गुंडाळतात. घराचं नशीब त्या खांबात राहायला येतं. खांब चिरला की नशीब निघून जातं, आणि तशा घरात कुणी झोपत नाही. फेंगसीची आई मुलीला घेऊन भावाकडे गेली, आणि मरेपर्यंत भावजयीच्या चुलीपाशी राहिली.

"घर तर चांगलं होतं," फेंगसी म्हणाली. "नुसता एक खांब." मग तिनं उतरून चाकाखाली फांद्या घातल्या.

ना-सुंग गावाची गोष्ट त्यानंतरची. त्या गावातली म्हातारी ओनकेव पपईचं रोप लावायला वळचणीला खड्डा खणत होती. हाताला गोल लागलं. म्हातारीनं तिच्या आयुष्यात अशा पुष्कळ पाहिल्या होत्या. तिनं खुरपं खाली ठेवलं, मागे सरकली, कोंबड्या डाल्याखाली घातल्या आणि सरपंचाला निरोप पाठवला. तिला सगळे मेथाव म्हणायचे, म्हणजे आजी. तिला स्वतःचं नातवंड एकच, तेही लांब राजधानीत, व्हिएन्तियानमध्ये.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब खड्ड्यापाशी ओणवे झाले, पाहिलं, आणि उभे राहून मान खाजवायला लागले. मी ओळखलं, काहीतरी अडलंय. बोंबी घराच्या पहिल्या खांबापासून अडीच-तीन हातांवर होती.

सरपंचाचं नाव थावोन. गोल चेहऱ्याचा, मदतीला कायम पुढे, आणि नेमका तिथेच घात. तो म्हणाला, "घर उतरवून टाकू. गाव मिळून दोन दिवसांत उतरवू, उडवून झालं की पुन्हा उभं करू."

"आणि पहिला खांब?" म्हातारीनं विचारलं.

"तोही काढू. पुन्हा रोवू."

"मग तो पहिला कसा राहील? माझ्या नवऱ्यानं रोवला तो. तुझ्या हातानं उपटायचाय तर उपट, घर मारल्याचं पाप तुझं."

थावोननं पाप घ्यायला नकार दिला. एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. म्हातारीचा मुलगा बुनथान. तो तिकडे शहरात कारखान्यात होता, आणि बातमी कळल्यापासून दर थोड्या वेळानं फोन करत होता. त्याचं म्हणणं एकच. घर जाऊ दे, आईला गाडीत बसवा आणि माझ्याकडे पाठवा. म्हातारीनं फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं, "नाही" म्हणाली आणि फोन थावोनला परत दिला.

साहेबांनी फेंगसीकडे पाहिलं. फेंगसी खांबाकडे बघत होती. घर उंच खांबांवर होतं, आणि हा खांब जमिनीतून थेट वर छपरापर्यंत गेलेला, काळा पडलेला, जुन्या लाकडाचा, माणसाच्या कवेत मावेल न मावेल असा. तिनं जवळ जाऊन त्याला हात लावला नाही, लांबूनच बघत राहिली.

"होईल?" साहेबांनी विचारलं.

"खांबाच्या बाजूला तीन पदरी भिंत लागेल. रेती वाकणापलीकडची."

मी म्हटलं, झालं, मेलो.

गोण्या भरायची जागा देवळाच्या फाटकापाशी ठरली, धोक्याच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर. दोरीच्या आत फक्त तुकडी जाणार, गाव नाही. फेंगसीनं सकाळपासून गोण्या भरून ओळीनं मांडल्या. गावातल्या बायका आल्या, बघून गेल्या, एकमेकींत काहीतरी कुजबुजल्या. आम्ही दोघं शेवटच्या खेपेला नदीवर गेलो. परत आलो आणि फेंगसी गाडीतून उतरून तशीच उभी राहिली.

सगळ्या गोण्या भरलेल्या होत्या. काठोकाठ, गच्च, तोंडं काथ्यानं शिवून टाकलेली. लग्नात जेवून उठलेल्या व्याह्यांसारख्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. भोवती गाव उभं होतं, घामाघूम आणि खूश.

"एउय, तुमची रेती कमी पडत होती," थावोन म्हणाला. "आम्ही घराघरातून आणली. पुरी करून टाकली."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुम्ही परगावची माणसं, तुम्हाला संकोच वाटला असेल मागायला. पण ओनकेवच्या दारात अर्धी गोणी? आम्ही काय एवढे हलके आहोत?"

मग उलगडा झाला. ना-सुंगची रीत आहे. अडचणीतल्या माणसाच्या दारात अर्धी गोणी न्यायची नाही. भात असो, मीठ असो, कोळसा असो, नेली तर भरून न्यायची. अर्धी नेली म्हणजे तुझं अर्धंच भलं होवो, असं तोंडावर म्हटल्यासारखं. सकाळी बायका कुजबुजत होत्या त्या हेच. सरकारी लोकांनी बिचाऱ्या म्हातारीच्या अंगणात सगळ्याच्या सगळ्या अर्ध्या गोण्या नेल्या असत्या, तर गावाच्या तोंडाला काळं लागलं असतं. त्यांनी ते वाचवलं होतं.

फेंगसीनं एक गोणी आडवी पाडली. ती लोळली. फावड्यानं थोपटली, तर फावडं उडून वर आलं.

"रिकाम्या करायच्या," ती म्हणाली. "सगळ्या. निम्म्या."

गावाचे चेहरे पडले. एक बाई म्हणाली, "दिलेलं परत काढायचं? अगं बाई, दिलेलं परत घेतलं तर हात झडतात!" दुसरी म्हणाली, "आमची रेती चालत नाही का तुम्हाला? नदीचीच आहे. माझ्या घराच्या पायासाठी आणली होती, ती दिली."

"रेती चांगली आहे. जास्त आहे."

"जास्त असली तर काय बिघडलं?"

हा प्रश्न तसा बरोबर होता, आणि साहेबांनीही तोच विचारला, हळू आवाजात, बाजूला नेऊन. त्यांचीही अडचण होती. रस्ता अडवून ठेवलेला, शाळा सोडलेली, खड्ड्यात बोंबी उघडी पडलेली, आणि गावात डुकरं मोकाट. उघडी बोंबी आणि मोकाट डुक्कर एका रात्रीत एका आवारात ठेवायचं नसतं. "एउय, जाड भिंत आहे. रचून टाक. बोंबीचे तुकडे तर अडतीलच."

"तुकडे अडतील," फेंगसी म्हणाली. "दणका अडणार नाही. तुम्हालाही माहीत आहे. तुकडा अडला आणि खांब चिरला, तर मी इथे काय केलं?"

साहेबांना माहीत होतंच. घड्याळ बघत म्हणाले, "गाव ऐकेल?"

गाव ऐकेना. आणि सगळ्यात जास्त ऐकेना ती ओनकेव. देवळाच्या पायरीवर बसून होती, तिथून म्हणाली, "पोरी, माझ्या नवऱ्याचा खांब आहे तो. त्याच्यापुढे अर्ध्या गोण्या मांडणार? त्यापेक्षा खांबच फोडा."

मी फेंगसीला म्हटलं, "आपणच काढू ना रेती. यांना काय विचारायचं?" ती म्हणाली, "आणि ही घरात राहणार कशी? खांब वाचला आणि गाव म्हणालं अपशकून झाला, तर खांब चिरल्यासारखंच आहे." हे मला सुचलं नव्हतं. माझं आपलं पाट्यांपुरतं डोकं.

ती म्हातारीपाशी जाऊन उकिडवी बसली. "मेथाव, बदकाची अंडी आहेत?"

"आहेत. भूक लागली?"

"दोन द्या. आणि मुसळ द्या कुणाचं तरी."

तिनं जमिनीवर रेतीचा पातळ थर केला, त्यावर एक अंडं ठेवलं, आणि मी व ती मिळून एक गच्च गोणी हलक्या हातानं त्यावर टेकवली. मग थावोनच्या हातात मुसळ दिलं. "मारा. एकदम." थावोननं मारलं. आतून टक् असा बारीक आवाज आला. गोणी उचलली, तर बलक रेतीत मिसळलेला. मग दुसरं अंडं. या वेळी तिनं स्वतःच्या हातानं भरलेली अर्धी गोणी घेतली, अंड्यावर ठेवली, चारी बाजूंनी थोपटून बसवली. थावोननं पुन्हा मारलं. मनात राग होता, त्यामुळे पहिल्यापेक्षा जोरात मारलं. गोणी उचलली. अंडं जसंच्या तसं. फेंगसीनं ते उचलून सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"बघा," ती म्हणाली. "गच्च गोणी अंड्याला एकाच जागी टेकते, म्हणून सगळा दणका..."

कुणी ऐकत नव्हतं. सगळं गाव त्या अंड्याकडे बघत होतं. मागच्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"कौल दिला," ओनकेव म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. विसरलोच होतो. ना-सुंगमध्ये आजारी माणसाला कुठल्या आत्म्यानं धरलंय, घर कुठे बांधायचं, हे सगळं अंड्यालाच विचारतात. बाई त्यांना रेती समजावायला गेली, आणि गावानं तिला देवऋषी करून टाकलं. मी सांगायला तोंड उघडलं तर फेंगसीनं माझ्या पायावर पाय दिला. बूट घातलेला पाय.

"एकदा विचारलेला कौल खरा नसतो," टोपीवाला म्हातारा म्हणाला. "पुन्हा विचारा."

पुन्हा दोन अंडी आली. गच्च गोणीखालचं फुटलं, अर्धीखालचं वाचलं. त्या म्हाताऱ्याचं एवढ्यावर समाधान होईना. त्याची म्हैस हरवली होती, तीही याच अंड्याला विचारून घ्यावी असं त्याचं म्हणणं पडलं. साहेबांनी त्याला अतिशय आदरानं बाजूला नेलं.

ओनकेव उठली. पहिल्या गोणीपाशी गेली, शिवण उसवली, आणि दोन्ही हातांनी रेती बाहेर काढायला लागली. "माझ्या घराला अर्धीच पाहिजे म्हणतो कौल," ती म्हणाली. "तुम्ही भरून दिली, मला पोचली. आता उरलेली मी तुम्हाला देते. रिकाम्या हातानं कुणी जायचं नाही." असं म्हणाल्यावर प्रश्नच मिटला. बाया टोपल्या घेऊन आल्या, आपापली रेती परत घेतली, वर म्हातारीला हात जोडले. इतक्या आनंदानं कुणी रेतीचा प्रसाद नेलेला मी पाहिला नाही.

भिंत फेंगसीनं रचली. मी गोण्या दोरीपर्यंत आणून देत होतो, आत तुकडीतली दोघं तिच्या हाताखाली होती. प्रत्येक गोणी ठेवल्यावर ती थोपटायची, तळहातानं फट चाचपायची, आणि फट लागली तर गोणी काढून पुन्हा ठेवायची. साहेब लांबून घड्याळ दाखवायचे, ती तिकडे पाठ करायची. खांबाच्या बाजूची तीन पदरी भिंत झाली तेव्हा तिचा सदरा पाठीला चिकटला होता. सगळ्यात शेवटी ती भिंत आणि खांब यांच्यामधल्या जागेत शिरली, खांबावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली, आणि बाहेर आली.

"भीती वाटते का गं?" मी विचारलं.

"वाटते," ती म्हणाली. "गप्प बस."

सगळं गाव शाळेच्या मैदानावर जमलं. साहेबांनी कर्ण्यावरून ओरडून आकडे मोजले. मग जमीन पायाखालून एकदा ढकलल्यासारखी झाली आणि आवाज आला तो धप्. उघड्यावर होतो तसा कडाड नाही. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. मैदानावर आणून ठेवलेल्या डाल्याखालच्या कोंबड्यांनीसुद्धा फारसं मनावर घेतलं नाही. मी फेंगसीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. काय म्हणत होती देव जाणे.

नियमाप्रमाणे आधी साहेब आत गेले. बराच वेळ गेला. मग त्यांनी हात वर केला आणि आम्ही गेलो, म्हातारीलाही आत घेतलं; बाकी गाव दोरीपर्यंत आलं. आतल्या पदराच्या गोण्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. मधल्या पदरातल्या फुगून उसवल्या होत्या आणि त्यातून रेती गळत होती. बाहेरच्या पदरातल्या गोण्या तिनं ठेवल्या तशाच होत्या, थोपटलेल्या हाताच्या खुणांसकट. त्यांच्या पलीकडे खांब होता. खिळ्याला म्हातारीचा ॲल्युमिनियमचा मग टांगलेला होता, तोसुद्धा तिथेच होता.

मगच्या साक्षीवर म्हातारीचा भरवसा नव्हता. ती खांबाच्या बुडाशी बसली, अंगठ्याचं नख लाकडावर टेकवलं आणि वर वर नेत गेली, हात पुरेल तिथवर. मग दुसऱ्या बाजूनं. मग तिसऱ्या. नख कुठे अडलं की ती थांबायची, थुंकी लावून पुसायची, निरखायची, पुढे जायची. दोरीबाहेर अख्खं गाव माना उंचावून उभं होतं. फेंगसी माझ्या शेजारी होती, आणि तिनं माझं मनगट इतकं आवळून धरलं होतं की नंतर त्यावर वळ उठले.

"तडा नाही," ओनकेव म्हणाली.

गाव ओरडलं. कुणीतरी तांदळाच्या दारूची बाटली काढली, ती आधीपासूनच काढून ठेवलेली असणार. म्हातारी थावोनपाशी गेली, हात पुढे केला, फोन मागितला.

"बुनथान," ती फोनमध्ये म्हणाली. "ये मला न्यायला. हो. येते म्हणते ना. पुढच्या आठवड्यात ये. माशाच्या खारवणाचं मडकं घेऊन येईन, गाडीत जागा ठेव."

माझं डोकंच फिरलं. "काय हो मेथाव," मी म्हटलं, "जायचंच होतं तर आधी जायचं! आम्ही इथे मरमर मरतोय, रेती वाहतोय, अंडी फोडतोय, ते कशाला? झक मारायला?" साहेबांनी डोळे वटारले. म्हटलं, वटारा.

म्हातारी रागावली नाही. "घर मोडलं म्हणून गेले असते, तर सुनेच्या चुलीपाशी जाऊन बसले असते," ती म्हणाली. "ऊठ म्हटलं की उठायचं, गीळ म्हटलं की गिळायचं. आता कशी जाईन? पाहुणी म्हणून जाईन. दोन महिने राहीन, नातवाला खेळवीन. कुणी तोंड वाकडं केलं की म्हणेन, बोलव गाडी, माझं घर उभं आहे."

बाया खदाखदा हसल्या. फेंगसी हसली नाही. ती फाटक्या गोण्या गोळा करत होती, ती थांबली, हातातल्या गोणीवरच मटकन बसली, आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आणि साधं रडणं नाही, तोंड उघडं टाकून, नाक वाहत, लहान पोर बाजारात हरवल्यावर रडतं तसं. मी काय करावं ते मला कळेना. साहेबांनाही कळेना.

म्हातारी तिच्याजवळ गेली. "काय झालं गं पोरी? खांब तर वाचला."

"माझ्या आईला असं म्हणता आलं नाही," फेंगसी म्हणाली. "मामीच्या चुलीपाशी होती. मरेपर्यंत होती. एकदासुद्धा म्हणता आलं नाही तिला."

ओनकेवनं फेंगसीला दंडाला धरून उठवलं आणि शिडीकडे चालवत नेलं.

"चल वर. जेवून घे. भात सकाळचा आहे, पण मिरचीचा ठेचा ताजा आहे."

"माझं अंग सगळं रेतीचं झालंय, मेथाव. घर घाण होईल."

"होऊ दे. माझ्या घरात मला कोण बोलणार आहे?"

फेंगसी बूट काढून वर चढली. मी खाली चिंध्या उचलत होतो, तिथून ती मला दिसत होती. पहिल्या खांबाला पाठ टेकून, मांडीवर भाताची टोपली घेऊन जेवत होती.